चौदावी चिठ्ठी

जुलै-ऑगस्टमध्ये माझा फोन वाजला की पलीकडून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो. "मॅडम, प्रेफरन्स फॉर्ममध्ये क्रम चुकला तर?" विचारणारे कधी वडील असतात, कधी आई, एकदा तर मामा होते. मुलगा किंवा मुलगी स्वतः फोन करते असं क्वचितच होतं. बावीस वर्षं मी समुपदेशक म्हणून या खुर्चीत बसते आहे. त्यातली निदान दहा-बारा वर्षं हा प्रश्न दर पावसाळ्यात ऐकते आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी त्याचं सरळ उत्तर देते, कारण ते सोपं आहे. मेडिकल-डेंटलच्या केंद्रीभूत प्रवेशात प्रत्येक मूल हव्या त्या कॉलेजांची क्रमवार यादी देतं, तोच प्रेफरन्स फॉर्म. संगणक गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करतो. ज्याची पाळी येते त्याची यादी वरून खाली वाचतो, त्याच्या प्रवर्गात बसणारी पहिली रिकामी जागा त्याला देतो आणि पुढच्याकडे वळतो. म्हणजे सगळ्यात वर तुम्ही पुण्याचं बी. जे. मेडिकल लिहिलंत आणि ते मिळालं नाही, तर खालचं कॉलेज त्या कारणाने हातचं जात नाही. तुमच्या मागे असलेला मुलगा ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहूनही तुमच्याआधी उचलू शकत नाही. म्हणून कटऑफ बघून क्रम लावायचा नसतो. जे सगळ्यात जास्त हवं ते वर, त्याखाली त्यापेक्षा कमी हवं ते, आणि जिथे कुठल्याही परिस्थितीत जाणार नाही ते कॉलेज यादीत घालायचंच नाही.

हे मी कागदावर रांग काढून समजावते. समोरचे मान डोलावतात, "हो, कळलं," म्हणतात आणि दाराशी चपला घालताना वळून पुन्हा विचारतात, "पण मॅडम, क्रम चुकला तर?" उत्तर मिळाल्यावरही प्रश्न तसाच उरतो तेव्हा माझे कान टवकारतात. मग भीती फॉर्मची नसते.

सायली (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) वडिलांबरोबर आली त्या दिवशी टिळक रोडवर गुडघाभर पाणी होतं. वडिलांनी ओल्या रेनकोटच्या आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप काढला, टेबलावर उघडला आणि एक्सेल शीट माझ्याकडे फिरवली. कॉलेज, आधीच्या वर्षीचे कटऑफ गुण, घरापासून अंतर, फी, सगळं रंगवून मांडलेलं. एका रांगेवर क्लासच्या सरांचं मत होतं, दुसरीवर डेंटिस्ट असलेल्या मावसभावाचं. एवढ्या शीटमध्ये सायलीच्या मताचा रकाना नव्हता. ती माझ्या कुंडीतल्या मनीप्लांटची वाळलेली पानं एकेक करून खुडत होती.

"सरकारी एमबीबीएस काठावर आहे," वडील म्हणाले. "खासगीची फी झेपणार नाही. बीडीएस मिळेल. पण काठावरची कॉलेजं वर टाकायची की खाली?"

मी रांग काढून दाखवली. शीटमधली एक चूकही दाखवली. त्यांनी नीट या प्रवेश परीक्षेच्या २०२४ च्या गुणांशी सायलीचे २०२५ चे गुण ताडून पाहिले होते. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते, २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याला ६८६. अशा दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून काहीच हाती लागत नाही. ताडायचीच असेल तर रँक ताडावी. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. रात्र-रात्र जागून केलेली शीट होती ती.

"सायली, तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"बाबा करतायत ना," ती म्हणाली.

पुढच्या वेळी मी तिला एकटीलाच बोलावलं. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीचे चौदा तुकडे कापून ठेवले होते. तिला म्हटलं, "एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. बारावीनंतर तुला जे-जे करावंसं वाटलं, एकदा जरी वाटलं असेल तरी लिही. कुणाला पटेल का, मिळेल का, याचा विचार नको. मग ज्या क्रमाने हवंय त्या क्रमाने लाव. मी चहा करून आणते." तिला एकटं सोडणं हा त्यातला महत्त्वाचा भाग असतो. शिकाऊ समुपदेशकांना मी नेहमी सांगते की दहा मिनिटं खोलीबाहेर थांबता आलं पाहिजे, आपण समोर बसलो की मूल आपल्यालाही परीक्षक समजतं.

परत आले तर टेबलावर चिठ्ठ्यांची सुबक उतरंड होती. बी. जे. मेडिकल, मग मुंबई, सोलापूर, मिरज, पुढे बीडीएस, आयुर्वेद, सगळ्यात खाली 'रिपीट'. वडिलांच्या शीटचीच नक्कल जणू. पण मी मोजल्या. तेरा होत्या.

मी काही विचारलं नाही, चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. तिने कपाची बशी उचलली नाही, नुसता कप उचलला. बशीखालून कागदाचा कोपरा डोकावत होता. चहा सांडून तो जरासा तपकिरी झाला होता.

"ती ओली होईल," मी म्हटलं.

बराच वेळ ती गप्प होती. मग तिने बशी बाजूला केली. त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'गुरांची डॉक्टर. शिरवळ.' शिरवळला पशुवैद्यकाचं कॉलेज आहे.

सहावीत असताना ती आजोळी गेली होती. रात्री गाय अडली. वासरू आडवं आलं होतं, आजोबा हताश होऊन उंबऱ्यात बसलेले. पावसात मोटारसायकलवरून डॉक्टर आले. त्यांनी शर्ट काढला, खांद्यापर्यंत साबण लावला, हात आत घालून वासराचे पाय शोधले, दोरी बांधली आणि घरातल्या चौघांना सांगितलं, गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, एरवी नुसतं धरून ठेवायचं. कंदील सायलीच्या हातात होता. "डॉक्टर मला म्हणाले, बाळ, कंदील हलवू नको. मी हलवला नाही," एवढं सांगून ती रडायला लागली.

"मग ही चिठ्ठी बशीखाली का?"

"बाबांच्या शीटमध्ये नाहीये."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही. त्यांनी भरलेला फॉर्म चुकला तर त्यांचं चुकेल. मी सांगितलं आणि चुकलं, तर..." पुढचं वाक्य तिने सोडून दिलं.

एवढी वर्षं मला जे अर्धवट जाणवत होतं ते या अर्ध्या वाक्याने माझ्यापुढे ठेवलं. मुलांना चुकीचं कॉलेज मिळण्याची भीती कमी असते. ते आपण निवडलं होतं हे उरण्याची भीती जास्त असते. म्हणून फॉर्म घरभर हातोहात फिरतो, बाबांकडून मामाकडे, मामाकडून क्लासच्या सरांकडे. प्रत्येक हात लागला की थोडी जबाबदारी पुसली जाते. आणि सगळ्यांच्या मुळाशी आपल्या भाषेतला एक छोटासा 'च' बसलेला असतो. 'निवड बरोबर हवी' इथवर ठीक आहे. 'निवड बरोबरच हवी' म्हटलं की हात थरथरतो. विवेकनिष्ठ विचारांवर माझी श्रद्धा आहे ती यासाठी, की एवढं एक अक्षर काढता आलं तरी अठरा वर्षांच्या मुलीला श्वास घ्यायला जागा मिळते.

ते अक्षर काढायला मात्र आणखी दोन भेटी लागल्या, आणि ते वडिलांकडून निघालं. चौदाव्या चिठ्ठीबद्दल सायलीने माझ्यासमोर त्यांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. चिठ्ठी हातात घेऊन अंगठ्याने तिचा चुरगळलेला कोपरा सरळ करत राहिले. मी त्यांना विचारलं, "फॉर्म तिच्या हातात दिला तर तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?"

"मॅडम, अठराव्या वर्षी मी माझ्या मर्जीने कॉलेज सोडलं आणि छपाईचा धंदा काढला. चार वर्षांत बुडाला. वडील जाईपर्यंत घरात काहीही बिनसलं की एकच ऐकायचो, 'निर्णय तुझाच होता.' ते वाक्य हिच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी सगळं माझ्याकडे घेतलंय. चुकलं तर तिने मला बोलावं."

तोवर मीही त्यांना मनातल्या मनात 'लादणारे वडील' या खणात टाकलं होतं. माणूस ढाल धरून उभा होता आणि मला नुसती ढालीची पाठ दिसत होती.

सायली त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "पण बाबा, ते वाक्य तुम्ही मला म्हणणार आहात का?"

"नाही गं."

"मग कोण म्हणणार?"

खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता. चौघांच्या घरात ते वाक्य म्हणणारं कुणी उरलेलंच नव्हतं. ते गृहस्थ एका गेलेल्या माणसाच्या वाक्यापासून मुलीला वाचवत होते.

यानंतरचं काम साधं होतं. पण पालकांची गफलत नेमकी तिथेच होते, म्हणून सांगते. 'केंद्रीभूत' म्हटलं की लोकांना एकच खिडकी वाटते. तशी ती नसते. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा दिल्लीची मेडिकल कौन्सिलिंग कमिटी भरते, उरलेल्या ८५ टक्के आपल्या राज्याचा सीईटी सेल. पुण्यातल्या भारती विद्यापीठासारख्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागाही दिल्लीच्याच यादीत असतात, सीईटी सेलच्या यादीत त्या शोधत बसू नका. आणि पशुवैद्यकाची वाट तिसरीच. गुण नीटचेच, पण राज्यातले प्रवेश नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ करतं. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली कॉलेजं त्याच्याकडे आहेत. तिथल्याही १५ टक्के अखिल भारतीय जागा भारतीय पशुवैद्यक परिषद स्वतंत्रपणे भरते. म्हणजे सायली एमबीबीएसच्या फॉर्मवर शिरवळ कुठल्याच क्रमांकावर लिहू शकली नसती. वेगळा फॉर्म भरला नसता तर तिची सगळ्यात मोठी इच्छा कुठल्याही संगणकाने वाचलीच नसती. असे दोन-तीन फॉर्म भरताना त्यांच्यातला आपापसातला क्रम मनाशी पक्का करावा लागतो, तो कुणी विचारत नाही.

फेऱ्यांचे नियमही सारखे नसतात. अखिल भारतीय कोट्यात पहिल्या फेरीची जागा सोडता येते, पुढे सोडली तर अनामत जाते आणि नियम कडक होत जातात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः वाचलेली असावी, क्लासच्या ग्रुपवरच्या मेसेजवर विसंबू नये. जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाईल यांच्या मुदती पालकांनी बघाव्यात. हे काम पालकांचं आहे आणि ते महत्त्वाचं आहे. क्रम लावणं त्यांचं नाही.

सायलीच्या इच्छेवर मी आंधळा विश्वास टाकला नाही. सहावीतला कंदील एकट्याने साडेपाच वर्षांचा अभ्यास आणि इंटर्नशिप ओढू शकत नाही. तिला औंधच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात परवानगी काढून दोन शनिवार बसायला सांगितलं. पहिल्या शनिवारी तिने जखमेत अळ्या पडलेला बैल पाहिला आणि जेवली नाही. दुसऱ्या शनिवारी जाऊन आली आणि म्हणाली, "वास येतो खूप. पण मी तिथे वेळ बघत नव्हते." असं वाक्य ऐकायला मिळालं की मला कुठल्याही कल चाचणीची गरज वाटत नाही.

वडिलांच्या मनात 'माणसांची डॉक्टर' थोडी रेंगाळत होती. त्यांना मी एवढंच सांगितलं की आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या ते साल १८८६, आणि मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेही साल १८८६. कुठलीच पदवी दुसरीची धाकटी बहीण नाही. ते हसले, पण पटायला त्यांना वेळ लागला असावा.

शेवटच्या भेटीला सायली एकटी आली. दोन्ही फॉर्म तिने भरले होते. एमबीबीएसच्या यादीत तिने पाचच सरकारी कॉलेजं ठेवली होती. बीडीएस पूर्ण काढून टाकलं होतं, कारण दातांचं काम तिला आवडणार नाही हे तिला ठाऊक होतं. शिरवळ दुसऱ्या फॉर्मवर पहिल्या क्रमांकावर.

"रात्री साडेअकराला लॉक केलं," ती म्हणाली. "बाबा लॅपटॉपजवळ आलेच नाहीत. बाल्कनीत उभे होते. मी बाहेर जाऊन सांगितलं, झालं. त्यांनी वळून न बघता विचारलं, प्रिंट काढलीस का?"

"मग?"

"मी म्हटलं, काढते. तर म्हणाले, दोन काढ. एक मला दे."