काप लिहिताना, वाचताना नाही

बाबू,

तुझा निरोप मिळाला. अ‍ॅनालायझरमधली, म्हणजे कोड न चालवता त्यातले दोष शोधणाऱ्या प्रोग्राममधली, बिटफील्डची (सी भाषेत मोजक्या बिटांत मावणाऱ्या आकड्याच्या जागेची) दुरुस्ती तपासायला आली आहे, सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत, वरचे म्हणतात मंजूर कर, आणि तुझं मन धजत नाही. मग करू नको. त्यात लाजायचं काहून?

रुंदीचा काप, म्हणजे फील्डमध्ये न मावणारे वरचे बिट छाटणं, त्या दुरुस्तीच्या पॅचमध्ये कुठे लागतो, ते आधी पाहा. तीन बिटांच्या अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेल्या) फील्डमध्ये ७ ठेव आणि १ मिळव. उत्तर ८, कारण वाचताक्षणी ते मूल्य इंट, म्हणजे ३२ बिटांचा साधा पूर्णांक, होतं. तेच ८ परत फील्डमध्ये लिहिलं की ०. सोयाबीनचा कट्टा भरताना सांडतो. ढिगात ओतल्यावर कट्ट्याचं माप उरत नाही. तू पाठवलेल्या पॅचमध्ये काप लावणारा मास्क बेरजेवरच लावलाय. म्हणजे ‘बेरीज ७ पेक्षा मोठी आहे का’ ही अट अ‍ॅनालायझर कायमची खोटी धरेल आणि तिच्या आतला कोड पाहणंच सोडेल. ज्याच्यासाठी पॅच केला तो अ‍ॅनालायझरचा खोटा इशारा गेला खरा, पण त्याच्यासोबत खरा दोषही दडला.

काप लिहिताना, वाचताना नाही. पाठ करू नको, करून पाहा. रुंदी १, ३१, ३२ घे. ३१ बिटांच्या अनसाइन्डमध्ये ० असताना १ वजा केला तर -१ येतो. ३२ बिटांत ४२९४९६७२९५. साइन्ड (ऋण आकडेही घेणाऱ्या) एका बिटात मावतात फक्त ० आणि -१. नुसतं इंट लिहिलेलं फील्ड साइन्ड की अनसाइन्ड, हे कंपायलर ठरवतो. चाचणीत ते स्पष्ट लिहायला लाव. आणि त्या तीन बिटांत ८ लिहिणाऱ्या असाइनमेंटचं स्वतःचं मूल्यही ०, ८ नव्हे. हे हमखास निसटतं.

६४ बिटांच्या प्रकारात ४० बिटांचं फील्ड असेल तर जीसीसी हा कंपायलर डावं शिफ्टसुद्धा (बिट डावीकडे सरकवणं) ४० बिटांतच कापतो, क्लँग हा दुसरा कंपायलर कापत नाही. हा अपवाद दाखवून मला हट्टी म्हणणारे आहेत. म्हणोत बाप्पा! अपवाद वेगळा हाताळा, त्यापायी तीन बिटांचं गणित कशाला बिघडवता?

गावात लाइट टिकत नाही, चाचण्यांचा अख्खा संच चालत नाही, मान्य. बारा ओळींची फाईल मोबाईलवर टर्मक्स या अ‍ॅपमध्येही कंपाईल होते. तिथं जीसीसी टाइप केलं तरी मागून क्लँगच चालतो, म्हणून ४० बिटांचा पडताळा लॅपटॉपवरच कर.

नवी चाचणी एकदा पॅच काढून चालव. तरीही हिरवीच राहिली तर तिला काही अर्थ नाही. शेऱ्यात लांबण लावू नको: ‘मास्क बेरजेवरून काढून लिहिण्याच्या जागी न्या’, आणि खाली ७ अधिक १ चं उदाहरण.