केनियाला निघालेल्या पोराला

जय ख्रिस्त, बाळा. जालन्याहून थेट केनियाला मिशनसेवेसाठी चाललास, तर आधी आठवडा नीट बसव.

सोमवार तुझा. रविवारी उपासना, मुलांचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी यात माणूस पिळून निघतो. म्हणून सोमवारी कपडे धू, बाजार कर, झोप काढ. हा दिवस कुणी मागितला तरी देऊ नकोस. नवी पोरं इथंच खचतात.

बाकी रोज सकाळी तिथली स्वाहिली भाषा शिकायची, दुपारी घरभेटी. एकट्यानं जाऊ नकोस, तिथल्या मंडळीतला भाऊ सोबत घे. दारात पोचताच पवित्र शास्त्र उघडायची घाई नको. आधी विचारपूस, घरादाराची, पावसापाण्याची. उगाली पुढं आली की हात धुऊन बस. मक्याच्या पिठाची असते. छोटा गोळा करायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि त्यात सुकुमा विकीची पालेभाजी उचलायची. भाकरी खाणाऱ्याला जमतंच. नाही म्हणू नकोस, गरिबानं तुझ्यासाठी चूल पेटवलेली असते.

आपल्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे मिशनरी नारायण शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले होते. म्हणून तूही बुजू नकोस. पण शिकवायलाच आलोय असंही वागू नकोस. तिथले विश्वासणारे जाणते आहेत. पाळकांना विचारल्याशिवाय नवं काही काढायचं नाही. पैशाचा शब्द तर कुणालाच द्यायचा नाही.

शनिवारी आईला फोन कर. तिथं सहा वाजले की इथं साडेआठ. आणि पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घे. परतताना भारतात तो दाखला मागतात.