सही अवैध दिसली म्हणून मेल बाजूला टाकू नका, आधी मूळ मेल जपा

जर्मन ग्राहकाच्या प्रत्येक मेलवर थंडरबर्ड (मेल वाचायचा प्रोग्रॅम) 'डिजिटल सही वैध नाही' दाखवतोय आणि मेल होस्टिंगवाले 'आमच्याकडून सगळं ओके' एवढंच म्हणतायत, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. तीन वर्षांपूर्वी मी यातूनच गेलोय. मी आयटीवाला नाही, भोसरीत माझं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. त्यामुळे जाणकारांनी चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

सहीमागचं सर्टिफिकेट (सही कोणाची ते सांगणारं) कसं उघडायचं ते तुम्हाला येतच असेल. माझी चूक पुढची होती. ग्राहकाने बुशच्या ड्रॉइंगची नवी रिव्हिजन सही केलेल्या मेलने पाठवली. बोअर, म्हणजे आतलं भोक, 22.05 चा 22.00 झाला होता. लाल खूण बघून मी मेल बनावट समजलो आणि होस्टिंगच्या सपोर्टला फॉरवर्ड केला. उत्तर आलं, "या मेलवर सहीच नाही." असणार कशी? फॉरवर्ड केला की तो माझ्या नावाने निघालेला नवा मेल होतो. मला हे माहीत नव्हतं, पण त्यांना माहीत असायला हवं होतं! मग म्हणाले, "डीकेआयएम पास आहे." अहो, डीकेआयएम ही डोमेनच्या वतीने सर्व्हरने केलेली सही. ती मेल आत येताना तपासतात. नंतर मजकुरात कोणी हात घातला तरी हेडरमध्ये 'पास' तसंच राहतं. नऊ दिवस ते तिकीट (माझी नोंदवलेली तक्रार) बंद करायचे, मी परत उघडायचो. तोवर जुन्या ड्रॉइंगवर 400 बुश निघाले. बोअर मोठा झालेला बुश दुरुस्त होत नाही, सगळे भंगारात गेले.

शेवटी ग्राहकाला एकाच मेलमध्ये ऑफिसचा आणि माझा खासगी जीमेल असे दोन्ही पत्ते टाकायला सांगितलं. जीमेलमधून 'डाउनलोड मेसेज' करून ती ईएमएल फाइल (मूळ मेल जशाच्या तसा) थंडरबर्डमध्ये उघडली, तर सही वैध! फरक एकच: ऑफिसच्या मेलवर पिवळी पट्टी होती, 'हा मेल संस्थेबाहेरून आला आहे'. रोज डोळ्यांसमोर होती, पण सहीशी तिचा संबंध असेल हे सुचलं नव्हतं. होस्टिंगचा गेटवे (आत येणारा मेल ज्यातून जातो तो सर्व्हर) ती थेट मजकुरात घुसवत होता. एस-माइमची सही, म्हणजे पाठवणारा स्वतः मेलवर करतो ती, मजकुराच्या हॅशवर (मजकुरावरून काढलेल्या ठशावर) उभी असते, एक अक्षर वाढलं तरी ती मोडते.

तुमच्याकडेही तेच असेल असं छातीठोक सांगत नाही. पण पट्टी किंवा खाली चिकटवलेला डिस्क्लेमर आहे का ते आधी बघा. असेल तर सही केलेले मेल त्यातून वगळायला सांगा. मायक्रोसॉफ्टच्या मेलमध्ये मजकुराला न शिवता 'बाहेरचा' असं लेबल लावायची सोय आहे, तेव्हा 'जमत नाही' हे ऐकून घेऊ नका. तोवर ड्रॉइंग किंवा बँक खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या पीओवरच्या (खरेदी ऑर्डरवरच्या) नंबरवर फोन करूनच पुढे जा.

'मजकूर बदलला' आणि 'सर्टिफिकेटवर भरवसा नाही' या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. ई-आधारच्या पीडीएफवर ॲडोबी 'व्हॅलिडिटी अननोन' दाखवतं ती बहुधा दुसरी. तिथे सर्टिफिकेट कोणी दिलं याची साखळी सीसीए इंडियापर्यंत (डिजिटल सह्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा) पोचते का ते बघूनच ट्रस्ट द्यावा. आणि प्रिंट काढून स्कॅन केलेल्या कागदावर डिजिटल सही उरत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

तिकिटाला ऑफिसच्या आणि जीमेलच्या दोन्ही ईएमएल फाइली झिप करून जोडा. नुसतं फॉरवर्ड केलंत तर तुम्हालाही 'सहीच नाही' हेच उत्तर येईल.