घसा तर बरा झाला, मग अंगावर हे ठिपके कुठून आले?

"मॅडम खरं खरं सांगा, हे दुसऱ्याला लागतं का? रूममेट म्हणते एकतर ती रूम सोडेल नाहीतर मी."

नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) रिपीट करणारी मुलगी, लातूरला होस्टेलवर राहणारी. माझ्याकडे आली होती परीक्षेच्या टेन्शनसाठी (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात). फेब्रुवारीच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, ओढणी गळ्याशी गच्च. बाही वर केली तर मसुराच्या डाळीएवढे लाल ठिपके, कुणी कुंकवाचं पाणी शिंपडल्यासारखे, वर पातळ पांढरा पापुद्रा, आणि त्याचा कोंडा काळ्या लेगिंगवर पडलेला, जो ती बोलता बोलता सारखी झटकत होती.

माझी चूक आधीच सांगते, मी सगळं टेन्शनवर ढकललं. दोन सेशन श्वासाचे व्यायाम आणि टाइमटेबल यातच गेले. तिसऱ्या वेळी आई सोबत आल्या आणि सहज बोलून गेल्या की संक्रांतीला घरी आली तेव्हा घसा असा धरला होता की गुळाची पोळी गिळवेना, ताप पण होता, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, तीन दिवसात बरं वाटलं म्हणून बंद केल्या. ठिपके कधी आले? त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. मग त्याच मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली. या मिक्स ट्यूबांवर माझा फार राग आहे, त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं आणि काही दिवस बरं वाटून मूळ आजार ओळखूच येईनासा होतो, पण ते जाऊ दे.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान झालं गटेट सोरायसिस. गटा म्हणजे लॅटिनमध्ये थेंब, नाव अगदी दिसण्यावरूनच पडलंय. हा प्रकार जास्त करून लहान मुलं आणि तिशीच्या आतल्यांना होतो आणि बऱ्याचदा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या बॅक्टेरियाने घसा धरल्यावर एक ते तीन आठवड्यांत उठतो. रक्तातली एएसओ टेस्ट (स्ट्रेप नुकताच होऊन गेला का ते सांगणारी) वाढलेली आली, घशाच्या स्वॅबमध्ये पण स्ट्रेप निघाला.

आता आईंचा प्रश्न, घसा कुठे आणि पाठ-पोट कुठे? मी त्यांना सांगितलं ते असं, की जंतू चालत कातडीवर येत नाही. टॉन्सिलमध्ये आपल्या ज्या टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याच्याशी लढायला तयार होतात त्यांची गफलत होते, कारण या जंतूच्या अंगावरचं एम प्रोटीन आणि आपल्या त्वचेतलं केराटिन यात थोडं साम्य आहे असं संशोधक मानतात, मग चोर समजून घरच्यालाच मारल्यासारखं होतं. सगळ्यांना असं होत नाही, ज्यांच्यात मुळातच तो कल असतो त्यांना होतं, त्यातला एचएलए-सी 06:02 हा जीन प्रकार सगळ्यात जास्त अभ्यासलेला. इथे आई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "हिच्या मामाच्या कोपरांना आहे ना मॅडम, वीस वर्षं झाली."

मुलीने तेच धरलं. मला पण मामासारखं होणार? खोटा धीर द्यायचा नाही हे मी ठरवलेलं असतं, म्हणून सांगितलं की बहुतेकांचे ठिपके तीन-चार महिन्यांत जातात, पण साधारण तिघांतल्या एकाला पुढे नेहमीचा चट्ट्यांचा सोरायसिस होऊ शकतो. रडली. रडू दिलं.

सहाव्या दिवशी फोन, "ॲंटिबायोटिक घेतेय तरी ठिपके तसेच!" इथे खूप जण फसतात. ती 10 दिवसांची गोळी घशासाठी असते, अर्धवट सोडलेल्या स्ट्रेपमुळे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात म्हणून ती संपवायचीच, पण तिने ठिपके जातात याचा भक्कम पुरावा नाही. ठिपक्यांसाठी वेगळं मलम, आणि जास्त असेल तर यूव्हीबी लाइट, म्हणजे अतिनील किरणांचा शेक. आईंनी टॉन्सिल काढायचं पण विचारलं. आइसलंडमध्ये 29 जणांवर असा प्रयोग झालाय, ऑपरेशन झालेल्या 15 पैकी 13 जणांना फरक पडला, पण ते सगळे घसा धरला की चट्टे वाढणारे जुने पेशंट होते, पहिल्याच वेळी कुणी टॉन्सिल काढत नाही.

राहिली रूममेट. तिला पण बोलावलं, दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली. म्हटलं, बाळा, ठिपके लागत नाहीत, टॉवेल वेगळा नको की बेड लांब नको, लागतो तो घसा, शिंकेतून, खोकल्यातून, उष्ट्या पाण्यातून, आणि तिचा तर आता औषधाने बरा झालाय.

ती बराच वेळ ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली. मग हळूच म्हणाली, "ती संक्रांतीला घरी गेली ना, त्याच्या आधी माझाच घसा दुखत होता. बाटली एकच होती आमची."

दोघी एकमेकींकडे बघत बसल्या आणि पहिली हसली ती ठिपकेवाली.