फुल सस्पेन्शन सायकलची पिव्हट बेअरिंग वारंवार का जातात?

दीड वर्षात मागच्या सस्पेन्शनची (मागचे चाक खाली-वर हलू देणार्‍या सांध्यांची, म्हणजे पिव्हटची) बेअरिंग तीनदा बदलूनही करकर पुन्हा सुरू होते, तेव्हा आता महागडी बेअरिंग घ्यावीत का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की आधी काढलेली बेअरिंग नीट पाहावीत, कारण ती कशाने गेली हे त्यांच्यावरच दिसते.

चाकातले बेअरिंग पूर्ण फिरते, त्यामुळे त्यातले ग्रीस पसरत राहते आणि भार सगळ्या छर्‍यांना वाटून मिळतो. पिव्हटचे बेअरिंग मात्र थोड्याच अंशांत मागेपुढे हलते. प्रत्येक धक्का त्याच चार-दोन छर्‍यांवर बसतो, त्यांच्याखालून सरलेले ग्रीस परत येत नाही, आणि कड्यावर बारीक खाचा पडतात. बेअरिंग चिमटीत धरून आतले कडे हळूच फिरवले की ते ठराविक जागी अडकते, ते या खाचांमुळे. आत तांबूस गंजाची पूड दिसली तर पाणी शिरले आहे. सील (बेअरिंगच्या बाजूचे झाकण) एकाच बाजूने घासलेले असेल, तर चूक बसवणीत आहे.

माझ्या सायकलीवर हे तिसरेच निघाले. मी पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्यातही सायकल चालवतो, म्हणून दोन वर्षे मी चिखलालाच दोष देत राहिलो. एकदा शॉकचा (धक्के शोषणार्‍या भागाचा) बोल्ट काढून पाहिले, तेव्हा फ्रेमचा मागचा, चाक धरणारा त्रिकोण स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा होता, तो हातानेही जेमतेम हलत होता. एका दुरुस्तीत लिंक (सस्पेन्शनचे भाग जोडणारा हलता दुवा) आणि बेअरिंग यांच्यामधला पातळ वॉशर बसवायचा राहून गेला होता. तो फक्त आतल्या कड्यावर टेकतो. तो नसल्यामुळे बोल्ट आवळला की लिंक थेट सीलवर दाबली जात होती. वॉशर बसवल्यापासून तीच साधी बेअरिंग टिकून आहेत.

नवी बेअरिंग घेताना क्रमांक जुळवावा (६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८ आणि रुंदी ७ मिलिमीटर) आणि शक्यतो छरे अंतरावर धरणारी जाळी नसलेला, जास्त छर्‍यांचा प्रकार घ्यावा. सील टोकदार सुईने आतल्या काठाकडून अलगद उचलून ग्रीस काठोकाठ भरावे. एवढ्या मंद हालचालीला जादा ग्रीसची अडचण होत नाही. बेअरिंग प्रेसने, बाहेरच्या कड्यावरच दाब देऊन बसवावे. आतल्या कड्यावर हातोडी पडली की नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते. बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कइतकाच (आवळण्याच्या जोराइतकाच) आवळावा, आणि सायकल धुताना प्रेशरचा फवारा या सांध्यांवर कधीही धरू नये.

काढलेल्या प्रत्येक बेअरिंगवर सांधा आणि बाजू लिहून ठेवावी. दर वेळी एकाच जागचे आधी जात असेल, तर दोन्ही बाजूंची बेअरिंग बसवून त्यांतून आस (सांध्यातला दांडा) बोटाने सरकवून पाहावा. तो सहज पार जात नसेल, तर फ्रेमची भोके एका रेषेत नाहीत, आणि त्यासाठी बेअरिंगवर आणखी खर्च न करता फ्रेमच्या वॉरंटीखाली तक्रार करावी.