क्लासिक टू : आधी बोर्ड धुवा, कॅपॅसिटर मग

निपाणीच्या बंद छापखान्यातून आणलेला मॅकिंटॉश क्लासिक टू हा अ‍ॅपलचा जुना कॉम्प्युटर लावला की पडद्यावर नुसत्या चौकटी दिसतात, आवाज नाही, आणि नवे कॅपॅसिटर बेळगावात मिळतील का, असं तुम्ही विचारलंय. मिळायचं नंतर बघू. आधी ते मशीन सारखं लावून बघायचं थांबवा.

हे मॉडेल 1991 चं. मदरबोर्डवर जे छोटे, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे एसएमडी (बोर्डाला भोक न पाडता वरच्यावर सोल्डर केलेले) कॅपॅसिटर आहेत, त्यांचं रबरी बूच सैल पडतं आणि आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीजवाहक द्रव, खाली झिरपतं. त्यातून वीज वाहते, म्हणून सिग्नल भलतीकडे जातात. शिवाय ते तांबं खातं, बोर्डात करंट असला की जास्तच. वरून कॅपॅसिटर धडधाकट दिसतील. 2000 नंतरच्या पीसींमधले फुगायचे, तो आजार वेगळा. इथं पायाजवळचं सोल्डर काळवंडलंय का ते बघा. सोल्डरिंग आयर्न लावल्यावर मासळीसारखा वास आला तर शंकाच नको.

खोलताना लांब टी-15 (चांदणीच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागेल. पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट राहू शकतात, म्हणून पहिल्या वेळी जुना टीव्ही मेकॅनिक शेजारी असलेला बरा. बोर्डवरचा 3.6 व्होल्टचा बुटका लिथियम सेल लगेच काढा. तो फुटला तर सगळंच संपलं.

कॅपॅसिटर पकडीनं पिरगळून तोडायचे व्हिडिओ बघितले असतील. नका करू. इलेक्ट्रोलाइटनं पॅडची (पाय सोल्डर केलेल्या तांब्याच्या चकतीची) पकड आधीच ढिली झालेली असते, तो कॅपॅसिटरबरोबर उचकटून येतो. दोन आयर्न घ्या, दोन्ही पायांना थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावं म्हणून लावायची पेस्ट) लावा, दोन्हीकडून एकदम तापवा. आपसूक सुटेल तेव्हाच उचला.

आता धुणं. बहुतेक जण इथंच घाई करतात. इलेक्ट्रोलाइटमधले क्षार पाण्यात चांगले विरघळतात, नुसत्या अल्कोहोलनं पुरते जात नाहीत. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशनं आयसींच्या (चिपच्या) पायांमध्येसुद्धा घासा, मग 99 टक्के आयसोप्रोपिल. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं. आपल्याकडं जुलैत कपडे वाळत नाहीत तिथं बोर्ड काय वाळणार! गार हवेचा ड्रायर मारा आणि एक-दोन दिवस टेबललॅम्पखाली ठेवा. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून काळे पडलेले ट्रॅक, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेषा, तपासा. एखादा तुटला असेल तर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची सगळ्यात बारीक इनॅमल तार टाका. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या बाजूला ती सहज मिळते.

राहिले कॅपॅसिटर. काढतानाच प्रत्येकावरचा आकडा आणि दिशा लिहून घ्या, फोटोही काढा. बेळगावातल्या टीव्ही पार्टच्या दुकानांत बहुतेक लांब पायांचे मिळतात. ते वाकवून बसतात, पण पॅडवर ताण येतो. बेंगळुरूच्या एस.पी. रोडवरून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून टँटलमचे (द्रव नसलेले) कॅपॅसिटर मागवा. 5 व्होल्टच्या लाइनवर 16 व्होल्टचा पुरे, 12 च्या लाइनवर 25 चा घ्या. एक घोळ मात्र टाळा : जुन्या कॅपॅसिटरच्या डबीवरची काळी खूण निगेटिव्हची, टँटलमवरची पट्टी पॉझिटिव्हची. उलटा लावलात तर धूर निघेल.

एवढं करून चित्र आलं पण हलत असेल किंवा मशीन लगेच बंद पडत असेल, तर अ‍ॅनालॉग बोर्ड (पिक्चर ट्यूब आणि वीजपुरवठा सांभाळणारा) बघावा लागेल. तो घरी उघडू नका, मशीन बेळगावला घेऊन या.