चार्जर लावला की घरघर

प्रश्न : लॅपटॉप ऑडिओ मिक्सरला जोडला की स्पीकर सतत घरघरतो, चार्जर काढला की थांबतो. शिवाय गाण्यातला गायक जवळजवळ ऐकूच येत नाही! केबल खराब आहे का?

उत्तर : केबल खराब नसावी, जोडणी चुकते आहे. दुखणी दोन आहेत. चार्जर आणि मिक्सर यांचे अर्थिंग ऑडिओ केबलच्या शील्डमधून (आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या आवरणातून) एकमेकांना जोडले जाऊन लूप तयार होतो, त्याची ही घरघर. मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला स्टिरिओ डीआय बॉक्स (लॅपटॉपचा सिग्नल माइक इनपुटला जुळवून देणारी छोटी पेटी) घाला आणि त्याचे ग्राउंड लिफ्ट बटण (शील्डमधली अर्थची जोडणी तोडणारे) दाबा. तिथून दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक) केबल मिक्सरच्या माइक इनपुटना. प्लगची अर्थ पिन काढण्याचा जुगाड मात्र अजिबात नको. शॉकने जीव जाऊ शकतो.

गायक गायब होतो, कारण स्टिरिओ पिन बहुधा बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये खुपसली आहे. तो इनपुट डाव्यातून उजवे वजा करतो. दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमका गायकच, कटतो. ३.५ मिमी स्टिरिओ ते दोन ६.३५ मिमी मोनो अशी वाय केबल डीआयला लावा. मिक्सरवर एक चॅनेल पूर्ण डावीकडे, दुसरा उजवीकडे पॅन करा.

आणि हो, अ‍ॅम्प सगळ्यांत शेवटी चालू, सगळ्यांत आधी बंद. नाहीतर ‘धप्प’ होऊन ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जातो.